धरणाची नोंदवही आणि संगणकाची निवड

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे दगडी धरण उभे आहे. त्याचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. या धरणाची साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातील वर्तमानपत्रे उघडली की 'दलघफू' हे चमत्कारिक दिसणारे अक्षर रोज भेटते, ते याच दशलक्ष घनफुटांचे लघुरूप होय. घाटघर, रतनवाडी, भंडारदरा येथे गेल्या चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस पडला आणि धरणात किती पाणी आले, याकडे खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीपर्यंतच्या शेतकऱ्यांचे डोळे लागलेले असतात.

धरण म्हटले की नोंदवही आलीच. पाण्याची पातळी, आलेले पाणी, सोडलेले पाणी, पडलेला पाऊस. आता अशी कल्पना करा की, १९२६ सालची, शाईने कागदावर लिहिलेली अशी एखादी नोंद आपल्या हाती आली. कागद पिवळा पडला असेल, अक्षर किचकट असेल. पण ज्याला अक्षरे व अंक वाचता येतात, त्याला ती वाचता येईल. ती कोणत्या कंपनीच्या टाकाने लिहिली, दौत कोठली होती, हे कोणी विचारणार नाही.

आता दुसरी कल्पना करा. भंडारदऱ्याच्या परिसरातील एखाद्या माध्यमिक शाळेने ठरवले की, आपण पर्जन्यमापक बसवायचा, रोज सकाळी पाऊस मोजायचा आणि नोंदी संगणकावर ठेवायच्या. शाळेत दहा जुने संगणक आहेत. लगेच वाद सुरू होतो. एक शिक्षक म्हणतात, विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच हवे, कारण सगळे तेच वापरतात. दुसरे म्हणतात, लिनक्स आणि लिबरऑफिस घ्या, त्याला पैसे पडत नाहीत. तिसऱ्यांचे मत असे की, आता सारे इंटरनेटवरच ठेवावे. तिघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. परंतु तिघांनीही प्रश्न शेवटाकडून सुरू केला आहे. टाक कोणता हे ठरवण्याआधी लिपी कोणती हे ठरवायला हवे.

संगणकाचा कारभारी

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. संगणकात स्मृती असते, साठवणीची तबकडी किंवा चिप असते, कळफलक, पडदा, छपाईयंत्र असते. या सर्वांना कामाला लावणारा आणि कोणी कोणती वस्तू केव्हा वापरायची याचा हिशेब ठेवणारा जो आज्ञासंच असतो, ती ऑपरेटिंग सिस्टिम. मोठ्या वाड्यातील कारभाऱ्यासारखे तिचे काम. पत्र लिहिण्याचा किंवा तक्ते करण्याचा आज्ञासंच यंत्राला प्रत्यक्ष हात लावत नाही. तो कारभाऱ्याला सांगतो, 'ही फाईल उघडून दे', 'हे पान छापून दे'. प्रत्येक कारभाऱ्याची सांगण्या-ऐकण्याची रीत वेगळी. म्हणूनच विंडोजसाठी तयार केलेला आज्ञासंच लिनक्सवर जसाच्या तसा चालत नाही.

मायक्रोसॉफ्टने विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ साली बाजारात आणली. लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला आणि त्याचा अंतर्गत मजकूर सर्वांसाठी खुला ठेवला. त्यावर आधारलेल्या अनेक प्रणाली आज उपलब्ध आहेत. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची अशीच एक प्रणाली प्रसिद्ध केली.

ऑफिसच्या कामाच्या आज्ञासंचांचीही अशीच कुळकथा आहे. स्टारऑफिस नावाचा एक जर्मन आज्ञासंच १९९९ साली सन या अमेरिकन कंपनीने विकत घेतला, पुढच्याच वर्षी तो ओपनऑफिस या नावाने खुला केला, आणि २०१० साली त्यातून लिबरऑफिसची शाखा फुटली. ते विंडोजवरही चालते आणि लिनक्सवरही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

दलघफू आणि फाईल

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्या पाठ्यपुस्तकात आकारमान घनमीटरमध्ये असते, वर्तमानपत्रात दलघफूमध्ये. तरी आपले काही अडत नाही. का बरे? कारण एक फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर, ही व्याख्या १९५९ पासून आंतरराष्ट्रीय मान्यतेने ठरलेली आहे आणि ती सर्वांना माहीत आहे. ०.३०४८ चा घन करा: एक घनफूट म्हणजे सुमारे ०.०२८३१७ घनमीटर. त्याने ११,०३९ दशलक्ष घनफुटांना गुणा, म्हणजे भंडारदऱ्याचा पूर्ण साठा सुमारे ३१ कोटी २६ लाख घनमीटर आला. कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही, कोणाला पैसे द्यावे लागले नाहीत.

समजा, एका कारखान्याने पाणी मोजण्याची पट्टी विकली, पण तिच्यावरील एक भाग म्हणजे किती मीटर हे गुपित ठेवले. पट्टी सुबक आहे, वापरायला सोपी आहे. दहा वर्षे आपण तिच्यावरून नोंदी केल्या. पुढे कारखाना बंद पडला व पट्टी मोडली. आता '४७ भाग' या नोंदीचा अर्थ काय?

संगणकातील फाईलचे नेमके असेच असते. साठवणीत असतात फक्त शून्य आणि एक. त्यांतून अक्षर, अंक, तारीख कशी ओळखायची, याचा जो करार, त्याला फॉरमॅट म्हणतात. करार जाहीर असेल तर कोणीही त्या फाईलचा वाचक तयार करू शकतो. करार गुप्त असेल तर आपली नोंद आपली असूनही किल्ली दुसऱ्याच्या हातात राहते. ऑफिसच्या फाईलींसाठी असे दोन जाहीर करार आज आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या यादीत आहेत. ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट २००६ साली मान्य झाला. तो लिबरऑफिसचा नेहमीचा फॉरमॅट. मायक्रोसॉफ्टने पुढे केलेला ऑफिस ओपन एक्सएमएल २००८ साली मान्य झाला. भारताने त्या वेळी त्याच्या विरोधात मत दिले होते. त्याच्या आधीचे मायक्रोसॉफ्टचे डॉक आणि एक्सएलएस हे फॉरमॅट कित्येक वर्षे बाहेरच्यांना अनुमानाने उलगडावे लागत होते.

मराठीची जुनी दुखापत

हा प्रश्न पुस्तकी नाही. मराठी माणसाने त्याची किंमत मोजली आहे, आणि अजून मोजतो आहे.

संगणकात एका अक्षराला एक बाइट, म्हणजे आठ बिटे, देण्याचा प्रघात होता. आठ बिटांतून २५६ निरनिराळे संकेत होतात. त्यांपैकी पहिले १२८ रोमन अक्षरे, अंक व चिन्हे यांच्यासाठी ठरलेले होते. मराठीसाठी जागा कोठून आणायची? फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. संगणकाला वाटू द्यायचे की आपण रोमन अक्षर लिहितो आहोत, आणि त्या अक्षराच्या चित्राच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवायचा. पडद्यावर मराठी दिसते, छापले की मराठी उमटते. आत मात्र मराठी नसतेच.

उदाहरण घेऊ. कृतिदेव हा अशा फाँटांपैकी फार वापरला गेलेला फाँट. त्यात 'भंडारदरा' हा शब्द लिहिला, की संगणकात पुढील नऊ रोमन अक्षरे साठतात: एच, के, ए, एम, के, जे, एन, जे, के. यातील गंमत पाहा. पहिले एच म्हणजे 'भ'चा डावीकडचा भाग आणि के म्हणजे उभा दंड; दोन्ही मिळून 'भ'. पुढे 'डा'मधला काना, तोही केच! ही रचना जुन्या मराठी टंकलेखनयंत्रावरून आली. तेथे खिळे अक्षरांचे नव्हते, अक्षरांच्या तुकड्यांचे होते. यंत्राच्या लोखंडी अडचणीतून जन्मलेली सोय संगणकात, जेथे ती अडचणच नव्हती, तशीच येऊन बसली.

परिणाम काय झाला? ज्या संगणकावर तो फाँट नाही, तेथे फाईल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. 'भंडारदरा' शोधा म्हटले तर सापडत नाही, कारण तो शब्द त्या फाईलमध्ये नाही. गावांची यादी अकारविल्हे लावली तर भंडारदरा रोमन एचच्या घरात जाऊन बसते. आणि प्रत्येक कंपनीची तुकड्यांची जुळणी निराळी. एकीचा मजकूर दुसरीच्या फाँटात टाकला तर तिसरेच काहीतरी दिसते. वर्तमानपत्रे, छापखाने, कचेऱ्या यांचा वर्षानुवर्षांचा मजकूर या पद्धतीने साठला. तो सोडवायला आता फाँटागणिक वेगळे रूपांतराचे तक्ते लागतात, आणि रूपांतर झाले तरी जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

याला उपाय नव्हता असे नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली 'इस्की' हा भारतीय लिप्यांचा संकेतसंच मानक म्हणून प्रसिद्ध केला. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेतसंचाची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. युनिकोडमध्ये तुकड्यांना नव्हे, अक्षरांना क्रमांक दिलेले आहेत. भ म्हणजे २३४९, अनुस्वार २३०६, ड २३३७, काना २३६६, र २३५२, द २३४२. 'भंडारदरा' म्हणजे २३४९, २३०६, २३३७, २३६६, २३५२, २३४२, २३५२, २३६६ असे आठ क्रमांक. विंडोज असो, लिनक्स असो, खिशातला मोबाइल असो, क्रमांक तेच. फाँट बदलला तर अक्षराचे वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. केंद्र सरकारने २००९ साली सरकारी संगणकीय कामासाठी युनिकोड हे मानक ठरवले.

एक व्यवहारातले उदाहरण सांगतो. २०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या कचेरीचे सारे नमुने युनिकोडमध्ये होते, तेथे 'अहमदनगर'च्या जागी नवे नाव घालणे हे शोधा-आणि-बदला या आज्ञेचे काम. ज्यांचे नमुने तीन प्रकारच्या फाँटांत विखुरलेले, त्यांना तेच काम तीन वेळा, तीन रीतींनी करणे भाग.

(येथे एक टीप द्यावीशी वाटते. युनिकोडच्या क्रमांकांत ळ हा ल च्या लगेच नंतर येतो. आपल्या वर्णमालेत मात्र ळ ह नंतर आहे. म्हणून निव्वळ क्रमांकांवरून यादी लावली तर मराठी क्रम बिघडतो. त्यासाठी संगणकाला मराठीचा निराळा नियम सांगावा लागतो. मानक झाले म्हणजे सगळे प्रश्न सुटले असे नव्हे.)

तक्त्याला किती ओळी पुरतील?

आता पावसाच्या नोंदींकडे येऊ. रोज एक नोंद धरली तर शंभर वर्षांच्या ३६,५२५ ओळी होतील. हौशी मुलांनी स्वयंचलित यंत्र बसवून दर तासाला नोंद घेतली तर?

जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये ओळीचा क्रमांक सोळा बिटांत मावत असे. दोनाचा सोळावा घात म्हणजे ६५,५३६. याहून एकही ओळ जास्त नाही. दिवसाच्या २४ नोंदी. ६५,५३६ ला २४ ने भागा, २,७३० दिवस आले. म्हणजे साडेसात वर्षांच्या आतच तक्ता भरला! नव्या फॉरमॅटमध्ये दोनाचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ ओळी आहेत. भागाकार करा: सुमारे ४३,६९० दिवस, म्हणजे एकशे एकोणीस वर्षे. धरणाच्या आजवरच्या सगळ्या आयुष्याला पुरून उरतील इतक्या.

हा केवळ गणिताचा खेळ समजू नका. २०२० साली इंग्लंडमध्ये कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल एकत्र करताना जुना एक्सएलएस फॉरमॅट मध्ये आला. मर्यादेपलीकडच्या ओळी गुपचूप गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर झाली नाही, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधून सावध करण्याचे काम तितके दिवस मागे पडले. आज्ञासंच नवा असूनही फॉरमॅट जुना होता. एवढेच कारण.

तारखांचेही असेच. संगणकाच्या तक्त्यात तारीख ही प्रत्यक्षात एका ठरावीक दिवसापासून मोजलेली दिवसांची संख्या असते. इसवी सन १९०० हे लीप वर्ष नव्हते, कारण शतकवर्षाला ४०० ने भाग जावा लागतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. लोटस १-२-३ या १९८३ सालच्या प्रसिद्ध आज्ञासंचाने ते लीप वर्ष धरले. त्याच्या फाईलींशी जुळावे म्हणून एक्सेलनेही धरले, आणि ती चूक आजतागायत जपलेली आहे. लिबरऑफिसने ती धरली नाही, पण १ मार्च १९०० पासून पुढे दोघांची मोजणी जुळेल अशी सोय केली. भंडारदऱ्याचे काम १९१० चे, तेव्हा आपल्याला त्रास नाही. मात्र त्याआधीच्या शतकातील पर्जन्याच्या नोंदी कोणी तक्त्यात घालू लागला, तर एक्सेल त्यांना तारीख म्हणून मानणारच नाही.

मग संगणकात काय बसवावे?

आता तीन शिक्षकांच्या वादाकडे परत जाता येईल. फॉरमॅट ठरला, की वादाची धार पुष्कळ कमी होते. मजकूर युनिकोडमध्ये, कच्चे आकडे सीएसव्ही या साध्या मजकुराच्या तक्त्यात, ज्यात रकाने केवळ स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात आणि जो कोणत्याही प्रणालीवर उघडतो, आलेख व हिशेब जाहीर मानकाच्या फाईलमध्ये, आणि दुसऱ्याला केवळ वाचायला द्यायचे ते पीडीएफमध्ये. सीएसव्ही साठवताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडायला विसरू नये, नाहीतर मराठी गावांची नावे बिघडतात.

ऑपरेटिंग सिस्टिमबाबत मात्र आज एक नवाच पेच आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. काही काळ वाढीव आधार घेण्याची सोय ठेवली आहे, पण ती कायमची नव्हे. विंडोज ११ साठी किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. शाळेतील पुष्कळसे जुने संगणक या परीक्षेत नापास होतात. ते बिघडलेले नाहीत. कळफलक चालतो, पडदा दिसतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. अशा यंत्रांवर हलकी लिनक्स प्रणाली बसवली तर ती आणखी काही वर्षे काम देतात. भंगारात निघणारे संगणक वाचवणे, हे माझ्या मते शाळेच्या दृष्टीने लिनक्सच्या बाजूचे सर्वांत वजनदार कारण आहे. फुकट मिळते हे त्याच्या खालचे. आणि विंडोजच्या चोरट्या प्रती वापरून 'फुकट'ची बरोबरी साधणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे. विद्यार्थ्यांसमोर शाळेने ते करू नये.

विरुद्ध बाजूही तितकीच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. शाळेचे छपाईयंत्र, स्कॅनर, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र यांना प्रत्येक कारभाऱ्यासाठी वेगळा जुळणीचा आज्ञासंच लागतो. तो लिनक्ससाठी उपलब्ध नसेल तर काम अडते. एक्सेलमध्ये बसवलेल्या स्वयंचलित आज्ञा, ज्यांना मॅक्रो म्हणतात, त्या लिबरऑफिसमध्ये सगळ्याच नीट चालत नाहीत. एका ऑफिसात मांडलेले पान दुसऱ्यात उघडले की ओळी सरकतात. शिवाय एमएस-सीआयटी सारख्या अभ्यासक्रमांतून महाराष्ट्रातील लाखो लोकांचा हात ज्या खिडक्यांवर बसला, ती सवय ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सवय मोडण्यालाही खर्च येतो, वेळाचा.

जर्मनीतील म्युनिक शहराचा अनुभव या बाबतीत वाचनीय आहे. तेथील नगर परिषदेने २००३ साली लिनक्सकडे वळण्याचे ठरवले. दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. आणि २०१७ साली त्याच परिषदेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला! बाहेरच्या कचेऱ्यांशी कागदपत्रांची देवाणघेवाण, खास कामांचे जुने आज्ञासंच, वापरणाऱ्यांच्या तक्रारी आणि राजकारण, अशी अनेक कारणे त्यात मिसळली होती. याच्या उलट केरळ राज्य. तेथे सरकारी शाळांच्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने, जो २०१७ साली 'काईट' या सरकारी कंपनीत रूपांतरित झाला, शाळा हळूहळू लिनक्सवर नेल्या, आणि त्या तेथेच राहिल्या. फरक कोठे पडला? केरळने संगणकाबरोबर पाठ्यपुस्तके बदलली आणि शिक्षकांना शिकवले. मुलांना मोडायची सवयच नव्हती, ती लावायची होती.

आपल्या शाळेला यातून एक क्रम सुचतो. प्रथम ऑपरेटिंग सिस्टिमला हात न लावता विंडोजवरच लिबरऑफिस बसवावे. मागे म्हटल्याप्रमाणे ते दोन्हींकडे चालते. सहा महिने त्यावर निकालपत्रके, वेळापत्रके, पावसाचे तक्ते करून पाहावेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात त्याचे पाठ मराठीतूनही मिळतात. मग प्रयोगशाळेतील जुनी यंत्रे लिनक्सवर न्यावीत. लिपिकांच्या टेबलावरील एक संगणक मात्र, तेथे अडणारे काम असेल तर, खुशाल विंडोजवर राहू द्यावा. सगळे एकाच रंगाचे असले पाहिजे हा हट्ट कशाला? 'सरल', 'शालार्थ' यांसारखी शिक्षण खात्याची कामे ब्राउझरमधून होतात, आणि ब्राउझर दोन्ही कारभाऱ्यांकडे असतो.

मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकावा. तो भारतीय मानकातील असून विंडोज व लिनक्स दोन्हींत तयार असतो. रेमिंग्टनची सवय झालेल्या लिपिकांना तो पहिले पंधरा दिवस शत्रू वाटेल हे खरे. मुलांना मात्र सोपा जातो, कारण स्वर एका हाताला आणि व्यंजने दुसऱ्या हाताला अशी त्याची वाटणी आहे.

राहता राहिले तिसरे शिक्षक. इंटरनेटवर ठेवलेली फाईल कोठूनही उघडते, अनेकांना एकाच वेळी तीत लिहिता येते, संगणक जळाला तरी ती वाचते. २०२५ साली केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहो या तमिळनाडूतील कंपनीचे ऑफिस वापरण्यास सांगितले, तेही याच प्रकारचे. पण घाटमाथ्यावरच्या पावसात वीज आणि संपर्क दोन्ही जातात, आणि पाऊस मोजायचा असतो तो नेमका त्याच दिवसांत. म्हणून मूळ नोंद शाळेच्या संगणकावर आणि प्रत इंटरनेटवर, असे मी ठेवीन. शिवाय त्या सेवेला पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारावा: उद्या आम्हांला सोडून जायचे झाले, तर आमचे सारे साहित्य जाहीर फॉरमॅटमध्ये उतरवून घेता येईल का?

करून पाहा

१. कोणत्याही तक्त्याच्या आज्ञासंचात एका चौकटीत 'भंडारदरा' असे युनिकोडमध्ये लिहा. शेजारच्या चौकटीत लांबी मोजणारे 'लेन' हे सूत्र वापरा. डोळ्यांना भं, डा, र, द, रा अशी पाच अक्षरे दिसतात. उत्तर ८ येते. का? आता 'युनिकोड' हे सूत्र वापरून पहिल्या अक्षराचा क्रमांक काढा व वर दिलेल्या क्रमांकाशी ताडा. आपल्या गावाच्या नावासाठी हेच करा. नावात जोडाक्षर असेल तर हलन्ताचा क्रमांक कोठे लपला आहे ते शोधा.

२. एका चौकटीत ६० हा अंक लिहून तिचे रूप 'तारीख' असे बदला. एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० दिसेल, लिबरऑफिसमध्ये २८ फेब्रुवारी १९००. आता ६१ लिहून पाहा आणि दोघांचे भांडण कोठे मिटते ते नोंदवा.

३. लिनक्सची एखादी प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेचा एक जुना संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. 'बसवा' ही आज्ञा देऊ नका, म्हणजे आतील विंडोजला धक्का लागत नाही. छपाईयंत्र, आवाज, इंटरनेट आणि मराठी कळफलक चालतात का ते एकेक तपासून तक्ता करा.

४. शाळेच्या कचेरीतील पाच वर्षांपूर्वीची एखादी मराठी फाईल मागून घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडा. वाचता आली का? आली नसेल, तर तिच्यातील पहिल्या ओळीत कोणती रोमन अक्षरे दिसतात ती लिहून काढा, मूळ कागदाशी ताडा आणि कोणते अक्षर कोणत्या तुकड्यासाठी आले आहे याचा आपला रूपांतर-तक्ता तयार करा. वीस शब्द पुरतील. तुमचे तक्ते आमच्याकडे पाठवा. निरनिराळ्या शाळांतून आलेले तक्ते शेजारी शेजारी छापले, तर किती प्रकारचे 'मराठी' आपल्या जिल्ह्याच्या कपाटांत पडून आहे ते दिसेल.